वाचलेल्या उताऱ्यापाशी थांबा : उपदेशाविषयी एका पाळकसाहेबांना उत्तर

प्रिय पाळकसाहेब,

सप्रेम सलाम. दीक्षाविधीनंतर आपली पहिलीच नेमणूक एका जुन्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासद-समाजात, झाली आहे. आपण लिहिता की दर आठवड्याला मनापासून तयारी करूनही संदेश, म्हणजे रविवारचा उपदेश, सुरू होऊन दहा मिनिटे झाली की लोकांचे लक्ष उडते, तरुण मोबाईल काढतात आणि मागच्या बाकांवरची वडीलधारी मंडळी डोळे मिटून घेतात. तेव्हा आवाज चढवावा, गोष्टी वाढवाव्यात की संदेशच आटोपता घ्यावा, असे आपण विचारले आहे. हा प्रश्न आपण व्यासपीठावरच्या अनुभवी वक्त्यांना न विचारता बाकावर बसणाऱ्याला विचारलात, याचे मला फार मोल वाटते. मी पाळक नाही. मंडळीतला एक वडील, म्हणजे कारभारात भाग घेणारा ज्येष्ठ सभासद म्हणून, आणि पाळकसाहेब दुसऱ्या गावी गेलेले असतील त्या रविवारी उपासना चालवणारा सभासद म्हणून मी काम केले आहे. पण त्याहून कितीतरी अधिक काळ मी ऐकणारा आहे. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांमधली लहान ख्रिस्ती मंदिरे, पुण्या-मुंबईची जुनी दगडी चर्च, आणि लग्न-मयतीच्या निमित्ताने वसईची कॅथलिक चर्च, अशा अनेक ठिकाणी मी उपदेश ऐकले आहेत, आणि त्यांतले काही आजही मला धीर देतात. त्या ऐकण्याच्या जोरावर हे लिहितो.

आवाज, गोष्टी आणि लांबी हे तिन्ही प्रश्न माझ्या मते नंतरचे आहेत. ऐकणाऱ्याचे लक्ष बहुधा उपदेशक वाचलेला उतारा सोडून दुसरीकडे निघून जातो त्याच क्षणी उडते. उदाहरणार्थ, जक्कयाची, म्हणजे येशूला पाहायला झाडावर चढलेल्या श्रीमंत जकातदाराची, गोष्ट वाचली जाते. लोक ती ऐकतात, त्यांच्या मनात काही प्रश्न उभे राहतात, आणि ते व्यासपीठाकडे पाहू लागतात. तेवढ्यात उपदेशक म्हणतात की जक्कय जसा ठेंगणा होता तसे आपणही आध्यात्मिकदृष्ट्या ठेंगणे आहोत. तिथून ते दावीद आणि गल्याथाकडे जातात, तिथून प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाकडे, आणि मग आजकालच्या पिढीकडे. जक्कय उंबराच्या झाडावरच राहतो. लोकांना तर जाणून घ्यायचे असते की येशूने त्याच्या घरी उतरण्याचे आधी ठरवले आणि त्याचे पश्चात्तापाचे बोलणे नंतर आले, हा क्रम असा का. जमलेल्या लोकांनी कुरकुर का केली. आणि ज्यांच्याकडून त्याने लुबाडले होते त्यांना चौपट परत करण्याची गोष्ट तो सगळ्यांसमोर का बोलून दाखवतो. ही उत्तरे लूकच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायातच, दहा वचनांच्या आत, सापडण्यासारखी असतात. ती शोधण्याचे काम मंडळीने आपल्याकडे सोपवले आहे.

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, या कामाचे जे वर्णन आहे ते मला नेहमी पुरेसे वाटत आले आहे. नहेम्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमेत पाणीवेशीसमोरच्या चौकात जमतात, एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहतो, पहाटेपासून दोन प्रहरपर्यंत नियमशास्त्राचे वाचन चालते, आणि आठव्या वचनात तीन गोष्टी एकापाठोपाठ सांगितल्या आहेत : त्यांनी स्पष्ट वाचले, अर्थ सांगितला आणि वाचलेले लोकांना समजले. पुढच्याच वचनात लोक रडत आहेत. त्यांना रडवण्यासाठी कोणी आवाज चढवल्याचा किंवा हृदयद्रावक गोष्ट सांगितल्याचा तिथे उल्लेख नाही. वाचलेले त्यांना समजले, एवढेच त्यांच्या रडण्याचे कारण आहे. आपल्याकडच्या पुष्कळ उपदेशकांना मात्र समजावण्याच्या आधीच रडवायचे असते, आणि मग नुसता सूर चढत जातो.

उताऱ्यापाशी थांबणे म्हणजे काय, हे एका ओळखीच्या दाखल्यावरून अधिक स्पष्ट करतो. उधळ्या मुलाचा दाखला, म्हणजे आपला हिस्सा घेऊन घर सोडलेल्या आणि सगळे उधळून परतलेल्या धाकट्या मुलाची येशूने सांगितलेली बोधकथा, न ऐकलेला सभासद आपल्या मंडळीत सापडणार नाही, आणि म्हणूनच तो ऐकताना लोक सर्वांत आधी कंटाळतात. वाचन बहुतेक वेळा लूकच्या पंधराव्या अध्यायाच्या अकराव्या वचनापासून सुरू होते, आणि अध्यायाची पहिली दोन वचने राहून जातात. त्या दोन वचनांत सांगितले आहे की जकातदार व पापी लोक येशूचे ऐकायला जवळ येत होते, आणि परूशी (धर्मनियम कडकपणे पाळणारा पंथ) व शास्त्री कुरकुर करत होते की हा पापी लोकांना जवळ करतो आणि त्यांच्याबरोबर जेवतो. म्हणजे हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे आणि हरवलेला मुलगा हे तिन्ही दाखले कुरकुर करणाऱ्यांना दिलेले उत्तर आहेत. हे एकदा ध्यानात आले की दाखल्याचे वजन थोरल्या भावाकडे सरकते, आणि दर रविवारी वेळेवर येऊन बसणारे आम्ही बहुतेक सगळे थोरले भाऊच आहोत. आमच्यापैकी कोणी वर्षानुवर्षे मंडळीचे हिशेब ठेवलेले असतात, कोणी नाताळाच्या आधी चर्च झाडून रंगवून दिलेले असते, कोणी गावीच राहून आईवडिलांचे दुखणे-खुपणे काढलेले असते. मुंबईला गेलेला धाकटा कर्ज करून परत येतो आणि घरात त्याच्यासाठी मेजवानी होते, याचा अर्थ काय हे सातबाऱ्यावरची नावे आणि भावाभावांतल्या वाटण्या पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. धाकट्याने आपला हिस्सा आधीच नेलेला आहे. बाप थोरल्याला म्हणतो की माझे जे आहे ते सगळे तुझेच आहे. म्हणजे कापलेले पुष्ट वासरूसुद्धा एका अर्थी थोरल्याच्या वाट्यातले आहे. त्याच्या रागाला कारण आहे. उपदेशकाने ते कारण आधी मान्य केले तरच थोरला भाऊ पुढचे ऐकेल. आणि पुढचे असे आहे की धाकट्यासाठी रस्त्यावर धावत गेलेला बाप त्याच दिवशी दुसऱ्यांदा घराबाहेर येतो, थोरल्याची विनवणी करायला. दाखला तिथेच थांबतो. थोरला आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही.

हा दाखला मी तरुणांना धमकावण्यासाठी वापरलेला पुष्कळदा ऐकला आहे : घर सोडाल तर डुकरांच्या शेंगा खाल. ज्या रविवारी एका उपदेशकाने तो वर सांगितलेल्या रीतीने उघडून सांगितला आणि दाखला थांबतो तिथेच स्वतःही थांबले, त्या रविवारी उपासना संपल्यावर लोक आवारात बराच वेळ बोलत उभे राहिले. त्या संदेशात विनोद नव्हता, परदेशातली गोष्ट नव्हती आणि आवाजही चढलेला नव्हता.

आता गुड फ्रायडेविषयी, कारण वर्षातला उपदेशाचा सर्वांत मोठा दिवस तोच, आणि सर्वांत अधिक वाया जाणाराही तोच. आपल्याकडे दुपारी बारा ते तीन अशी उपासना होते, वधस्तंभावरचे सात उद्गार सात वक्त्यांना वाटून दिले जातात, आणि पहिलाच वक्ता गेथशेमाने बागेपासून कबरेपर्यंत सगळे सांगून मोकळा होतो. दुसराही तेच सांगतो. पाचव्या वक्त्यापर्यंत पंखे चालू असूनही मुले घामाघूम झालेली असतात, आणि त्याच्या वाट्याला अगदी छोटा उद्गार आलेला असतो : मला तहान लागली आहे. इथे बहुतेक वक्ते ताबडतोब आध्यात्मिक तहानेवर जातात, आत्म्यांच्या तारणाची तहान असे म्हणतात, आणि येशूला तहान लागू देतच नाहीत. शुभवर्तमान लिहिणारा योहान मात्र तिथे आंबेने, म्हणजे आंबट द्राक्षारसाने, भरलेले भांडे दाखवतो, आंबेत बुडवलेला स्पंज दाखवतो, तो एजोब नावाच्या झुडपाच्या काठीवर ठेवून त्याच्या तोंडाशी नेल्याचे सांगतो. ही देहाची तहान आहे. रात्रभर चौकशी, फटके, रक्त गेलेले, आणि डोक्यावर ऊन. याच शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशूने विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागितले होते आणि तिला जिवंत पाण्याविषयी सांगितले होते. जो जिवंत पाणी देतो त्याचा घसा इथे कोरडा पडला आहे, हे योहानाला आपल्यापुढे ठेवायचे आहे. मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलमध्ये, ज्या गावात टँकरची वाट पाहत बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या राहतात त्या गावात, या उद्गारावर वीस मिनिटे बोलताना उदाहरणे शोधावी लागू नयेत. देवाला तहान लागली, आणि त्याने ती लपवली नाही, हे ऐकून त्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला जे वाटेल ते आत्म्यांच्या तहानेविषयी ऐकून वाटणार नाही. सात वक्त्यांची उपासना आपल्याला आखायची असेल तर प्रत्येकाला महिनाभर आधी त्याचा उद्गार कळवावा, त्या उद्गाराबाहेर जाऊ नये अशी स्पष्ट विनंती करावी, आणि बारा मिनिटांची मर्यादा घालावी; उद्गारांच्या मधल्या वेळात गीत आणि शांतता यांना जागा राहते.

यावरून उदाहरणांकडे येतो. मला सर्वांत जास्त दुखावतात ती उसनी उदाहरणे, म्हणजे व्हॉट्सॲपवरून आलेल्या गोष्टी, यूट्यूबवरच्या परदेशी प्रचारकांच्या संदेशांतले बर्फाचे वादळ, विमानाचा वैमानिक, कोणा अब्जाधीशाचा पश्चात्ताप. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या मोबाईलवर ती गोष्ट आधीच येऊन गेलेली असते. संपूर्ण संदेशच दुसऱ्या कोणाचा असेल, तर तसे सांगून टाकावे. सांगितल्याने मान कमी होत नाही, आणि न सांगितलेले लोकांना कळल्यावाचून राहत नाही. याउलट, आपल्या आजूबाजूच्या माणसांचे रोजचे काम हे उदाहरणांचे न संपणारे भांडार आहे, कारण शास्त्रच अशा कामांनी भरलेले आहे. नाशिककडच्या मंडळीत योहानाच्या पंधराव्या अध्यायावर, म्हणजे खऱ्या द्राक्षवेलीवर, बोलायचे असेल तर बागेत काम करणारा माणूस बहुधा समोर बसलेला असतो. तिकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या खरड छाटणीत वाढलेल्या काड्या एक-दोन डोळे राखून काढून टाकतात, आणि मांडवावर हिरवे असे काही उरत नाही. नवख्या माणसाला बाग मेली असेच वाटते. उन्हाळ्यात नव्या काड्या तयार होतात, ऑक्टोबरात त्यांची फळछाटणी होते, आणि मग त्यांवर घड येतात. येशूने म्हटले आहे की फळ देणाऱ्या फाट्यालाही पिता छाटून साफ करतो, यासाठी की त्याने अधिक फळ द्यावे. ज्याच्या घरात या वर्षी नोकरी गेली, मुलगा गेला किंवा शेत गेले, तो माणूस हे वचन शिक्षा म्हणून ऐकतो. उघडी पडलेली बाग आणि मेलेली बाग यांतला फरक त्याला बागेतला माणूसच सांगू शकतो. म्हणून आदल्या आठवड्यात त्या सभासदाच्या घरी जा, त्याला विचारा की कात्री कुठे लावायची हे तो कसे ठरवतो, किती डोळे राखतो आणि का. रविवारी त्याचेच शब्द वापरा, त्याची परवानगी घेऊन. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला, दिवस मावळायला एक तास उरला असताना कामावर घेतलेल्या मजुरांचा दाखलाही असाच आहे. सकाळी नाक्यावर उभे राहून कोणी बोलावलेच नाही म्हणून परत आलेला माणूस मंडळीत असेल, तर आम्हाला कोणी कामावर लावले नाही हे त्या मजुरांचे उत्तर त्याच्याइतके कोणालाच समजत नाही.

म्हणूनच मी असे म्हणतो की संदेशाची अर्धी तयारी घरभेटींत होते. आपल्या ताब्यात अनेक गावे असतील, कमिटीच्या सभा, जमिनीची कागदपत्रे, आजारी माणसे आणि मयती यांतून वेळ काढणे किती अवघड आहे हे मी जवळून पाहिले आहे, आणि पाळकांकडून जितके काम आम्ही मागतो तितका आधार त्यांना देत नाही, हेही मला ठाऊक आहे. तरीही, ज्या पाळकाला कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही हे माहीत असते, त्याच्या बोलण्यात एक काळजी आपोआप येते. त्याचे वाक्य कोणाला लागेल हे त्याला आधी कळते. घरभेटी न करणारा उपदेशक ग्रंथ कितीही वाचून आला तरी समोरच्या माणसांना सगळी सारखीच समजतो.

आपल्या भाषेतच उताऱ्याला धरून राहण्याची एक उत्तम रीत शतकानुशतके चालत आलेली आहे, आणि आपल्या पूर्वजांनी ती ओळखली होती. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरात कृष्णराव सांगळे आणि पुढे कवी नारायण वामन टिळक यांनी कीर्तनाची पद्धत ख्रिस्ती उपदेशासाठी वापरली. नारदीय कीर्तनकार पूर्वरंगात एक पद घेतो, त्याचे निरूपण करतो, उत्तररंगात त्याच विषयाला पुष्टी देणारे एखादे आख्यान लावतो, आणि शेवटी पुन्हा त्याच पदावर येतो. मध्ये कितीही हसवले, रडवले, गायले, तरी ऐकणारा घरी जाताना ते एक पद बरोबर घेऊन जातो. आपण कीर्तन करावे असा माझा आग्रह नाही. त्याला गळा आणि साथ दोन्ही लागतात. पण एकच वचन हाती धरणे, त्याच्याकडे तीन-चार वेळा परत येणे, आणि शेवटी तेच वचन लोकांच्या तोंडून म्हणवून घेणे हे कोणत्याही पाळकाला जमेल. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला आणि १९१९ साली ते गेले. एवढ्या काळात त्यांनी मराठी मंडळीला स्वतःच्या ढंगात गायला शिकवले. त्यांची गीते आपण उपासनेत म्हणतो आणि लगेच पाच मिनिटांनी व्यासपीठावरून इंग्रजी पुस्तकातून उतरवलेली वाक्ये ऐकतो, हे मला फार खटकते.

भाषेविषयी दोन शब्द. पंडिता रमाबाईंची संस्कृतातली विद्वत्ता सर्वश्रुत होती, पण केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पवित्र शास्त्राचे भाषांतर करताना त्यांनी खेड्यातल्या साध्या बायकांना समजेल अशा मराठीचा आग्रह धरला. ते काम त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, संपूर्ण छापून बाहेर आले. तो आग्रह आपल्यासमोर ठेवावा. तारण, नीतिमत्त्व, पवित्रीकरण हे आपल्या मंडळीचे शब्द आहेत आणि ते टाकून देण्याचे कारण नाही, पण एका वाक्यात असे तीन आले की ऐकणारा फक्त ओळखीचा नाद ऐकतो. मुंबई-पुण्यातल्या मंडळ्यांत इंग्रजी माध्यमात शिकलेली मुले असतात, आणि त्यांच्यासाठी म्हणून काही उपदेशक प्रत्येक वाक्य दोन भाषांत बोलतात; त्याने दोन्ही बाजूंचे ऐकणारे अर्ध्या वाटेवर राहतात. घरात आजीशी जी मराठी ती मुले बोलतात, त्या मराठीत संदेश दिला तर भाषांतराची गरज पडणार नाही.

आता एक कठीण विषय. मंडळीत तट असतात, निवडणुकीत कडू शब्द बोलले जातात, पैशावरून संशय असतात, आणि रविवारी पाळकाच्या हातात माईक असतो. नाव न घेता, पण सगळ्यांना कळेल अशा रीतीने एखाद्या कुटुंबाला व्यासपीठावरून सुनावले गेल्याचे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. त्या कुटुंबाला तिथे उत्तर देता येत नाही. इतर लोक उतारा विसरतात आणि मान वळवून बघू लागतात, आणि ते घर कधीकधी कायमचे तुटते. दावीद राजाला त्याचे पाप दाखवायला नाथान संदेष्टा त्याच्याकडे गेला. गरीब माणसाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगून त्याने दावीदाचा राग आधी जागा केला आणि मगच म्हटले की तो मनुष्य तूच आहेस. यरुशलेमेच्या चौकात लोक जमवून तो हे बोलला नाही. ज्याला बोलायचे त्याच्या घरी जाऊन बोलावे, आणि रविवारी जे वचन समोर असेल ते सर्वांना सारखेच लागू होईल असे उघडावे. ते वचन आपल्यालाही लागू होते, हे उपदेशकाच्या बोलण्यातून दिसत असेल तर लोक कठोर शब्दही सोसतात. आमोसाचे पुस्तक आणि याकोबाचे पत्र यांसारखे कठोर भाग टाळावेत असे मी म्हणत नाही. मजुरी अडवणाऱ्यांविषयी याकोबाने जे लिहिले आहे ते मंडळीतल्या पैसेवाल्यांसमोर वाचलेच पाहिजे, आणि वाचताना आवाज खाली जाऊ नये.

मयतीच्या संदेशाविषयी आपण विचारलेले नाही, पण उपदेशकाची खरी ओळख मला तिथे होते. घरात मृतदेह असतो, आवारात शेजारची हिंदू-मुसलमान मंडळी उभी असतात, आणि नेमक्या त्या वेळी नरकाची भीती घालणारा किंवा मृत व्यक्तीच्या गुणांची यादी वाचणारा संदेश दिला जातो. योहानाच्या अकराव्या अध्यायात मार्था आणि मरीया या दोघी बहिणी येशूला एकच वाक्य बोलतात, की तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. मार्थेला तो पुनरुत्थानाविषयी सांगतो. मरीयेला तो काहीच शिकवत नाही, तिच्याबरोबर रडतो. दोघींना दोन निराळी उत्तरे मिळतात, कारण त्या दोन निराळ्या स्त्रिया आहेत. तरुण मुलगा अपघातात गेलेल्या घरात पाच मिनिटांच्या वर बोलू नये, आणि देवाने हे का केले याचे कारण सांगण्याचे धाडस करू नये. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोवर ठीक होते. ते कारणे सांगू लागले तेव्हा बिघडले. अशा घरात अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र नुसते वाचले तरी चालते. ते अंधारातच संपते, आणि तरीही ती प्रार्थना आहे, हे दुःखी माणसाला समजते.

वेळेचे म्हणाल तर, पोप फ्रान्सिस यांनी जून २०२४ मध्ये धर्मगुरूंना सांगितले होते की प्रवचन आठ मिनिटांहून लांबू नये. कॅथलिक मिस्साविधीचा केंद्रबिंदू निराळा आहे. आपल्या उपासनेत संदेशाला अधिक जागा आहे, आणि वीस मिनिटे मला योग्य वाटतात. ऐकणारे थकतात याचा पुरावा शास्त्रातच आहे : त्रोवस शहरात प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, माडीवर पुष्कळ दिवे होते, आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोपेच्या भरात तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने त्याला रागे भरल्याचे लिहिलेले नाही; तो खाली गेला आणि त्याला कवटाळले. मोबाईल पाहणाऱ्या तरुणांकडे असेच पाहावे, ही विनंती. त्यांतले काही जण वचनच उघडून पाहत असतात. शेवटचा मुद्दा आला असे सांगून त्यानंतर आणखी तीन मुद्दे मांडणे मात्र कृपया कधीही करू नये, आणि संदेशानंतरच्या प्रार्थनेत देवाला सगळा संदेश पुन्हा ऐकवू नये.

शास्त्रपाठाकडे विशेष लक्ष द्यावे. उपासना सुरू होताना दारात दिसेल त्याच्या हाती कागद दिला जातो, तो अडखळत वाचतो, लोक अजून पाने उलटत असतात तोवर वाचन संपते, आणि मग त्याच वचनांवर वीस मिनिटे बोलले जाते. वाचणाऱ्याला गुरुवारपर्यंत उतारा कळवावा, त्याने तो घरी दोनदा मोठ्याने वाचलेला असावा, आणि उतारा सापडेपर्यंत सर्वांसाठी थांबावे. जुन्या दगडी इमारतीत आवाज घुमतो. तिथे माईक तोंडाशी आणून जोरात बोलल्याने शब्द एकमेकांवर चढतात, आणि सावकाश बोललेलेच मागच्या बाकापर्यंत जाते. जिथे वार्षिक पाठपत्रक (कोणत्या रविवारी कोणता उतारा वाचायचा याची यादी) वापरतात तिथे नेमून दिलेले पाठ घ्यावेत. त्याने पाळकाच्या आवडीच्या आठ-दहा वचनांबाहेरचे शास्त्रही मंडळीच्या कानावर पडते.

आपण शेवटी विचारले आहे की संदेश पूर्ण लिहून काढावा की मुद्द्यांवरून बोलावे. पहिली काही वर्षे पूर्ण लिहावा, असे माझे मत आहे. सावकाश बोलणारा माणूस मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलतो, म्हणजे वीस मिनिटांना दोन-अडीच हजार शब्द पुरतात. लिहिले की कुठे फाटा फुटला आणि कुठे तेच ते पुन्हा आले, हे कागदावर दिसते. सोमवारी किंवा मंगळवारी उतारा वाचून मनात ठेवावा, शुक्रवारपर्यंत लिहावा, शनिवारी घरातल्या एका माणसाला वाचून दाखवावा आणि त्याला एवढेच विचारावे की आजच्या उताऱ्यात काय आहे ते कळले का. त्याने उताऱ्याबद्दल न बोलता आपल्या एखाद्या गोष्टीबद्दल सांगितले, तर ती गोष्ट काढून टाकावी. रविवारी कागद जवळ असू द्यावा, पण नजर लोकांकडे असावी. महिन्यातून एकदा मंडळीतल्या दोन-तीन जणांना, त्यांत एक तरुण आणि एक शाळा न शिकलेली बाई असावी, घरी चहाला बोलावून गेल्या चार संदेशांपैकी काय लक्षात राहिले ते विचारावे आणि उत्तर ऐकताना मध्ये बोलू नये. पुढच्या महिन्यात मी आपल्याकडच्या बाजूला येणार आहे. आपली हरकत नसेल तर त्या रविवारचा उतारा मला आधी कळवा, म्हणजे मीही तो वाचून येईन.

आपला,
मंडळीतला एक सभासद